संकल्प आणि दान : आचार्य विनोबांच्या चरित्रातून

पालख्यांच्या प्रस्थानाचे दिवस जवळ आले की गावोगाव दिंडीच्या बैठकी भरू लागतात. कीर्तन आटोपते, बुक्का लागतो, आरती होते, आणि मग दिंडीचालक वही उघडून बसतात. एक जण उठतो आणि नातेपुत्याच्या मुक्कामाची पंगत आपल्याकडे म्हणून सांगतो. दुसरा वेळापूरच्या फराळाचा भार उचलतो. तिसरा द्वादशीच्या पारण्याला गव्हाचे पोते बोलतो. प्रत्येक नावाला हरिनामाचा गजर होतो. बोलणाऱ्याचा चेहरा उजळतो, ऐकणाऱ्यांचेही मन भरून येते. हे सारे मंगलच आहे. पण वाचकहो, वहीत लिहिलेले सगळेच वाटेवर पोचते असे नाही. ज्यांनी दिंडी चालवली आहे त्यांना हे सांगायला नको. चूल पेटलेली असते, दिवसभर चालून पाय सुजलेली मंडळी पंगतीची वाट पाहत बसलेली असतात, आणि बोललेले पीठ आलेलेच नसते. बोलणारा माणूस वाईट नसतो, बरं का. तो बोलला तेव्हा मनापासूनच बोलला होता.

मग प्रश्न असा पडतो की, दानाचा शब्द आधी देऊन ठेवल्याने दान वाढते, की नुसते शब्दच वाढतात? हा प्रश्न तर्काने सोडवण्यापेक्षा एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्रात पाहावा असे आम्हांस वाटते. आणि या बाबतीत आचार्य विनोबा भावे यांच्याइतके बोलके चरित्र दुसरे नाही. कारण दान मागत इतका चाललेला, आणि दानाचे इतके शब्द पदरात पडलेला माणूस आपल्या काळात दुसरा झाला नाही.

विनोबाजींचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी. आईचे नाव रुक्मिणी. पंढरीच्या आईचेच नाव त्या माउलीला होते आणि वृत्तीही तशीच होती. शिक्षण फारसे नाही, पण संतांची वाणी ओठांवर. घरच्या झाडाचा फणस उतरला की पहिले गरे शेजाऱ्यांच्या घरी जायचे, आणि ते पोचवायचे काम लहान विन्याकडे असायचे. सगळीकडे वाटून झाल्यावर घरच्या मुलांच्या हाती गरे पडत. देणारा देवांच्या रांगेत बसतो आणि राखून ठेवणारा राक्षसांच्या, हे तिने मुलाच्या मनावर असे फणसाच्या गोडीतून बिंबवले.

या आईची एक गोष्ट आमच्या विषयाला फार जवळची आहे. तिने एकदा देवाला तांदळाचे एक लाख दाणे वाहण्याचा संकल्प केला. रोज थोडे थोडे दाणे मोजून ती वाहू लागली. विन्याचे वडील नरहरपंत हे शास्त्राची आवड असलेले, हिशेबी वळणाचे गृहस्थ. त्यांनी सुचवले की एवढा खटाटोप कशाला, एक तोळा तांदूळ मोजून घ्यावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे, आणि कमी पडू नयेत म्हणून वर थोडे जास्त घालावेत. गणित बिनचूक होते. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने मुलाला विचारले. मुलाने सांगितले की हा तांदळाचा हिशेब नव्हे, एकेक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, ती वजनाने कशी होणार? आईचे समाधान झाले आणि मोजणी पुढे चालू राहिली. वारकरी बंधूंनो, संकल्प लाखाचा होता, पण फिटत होता तो दाण्या-दाण्याने, रोजच्या रोज, स्वतःच्या हाताने. ही गोष्ट मनात धरून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

विनोबाजी स्वतः शब्दाचे किती पक्के! १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला गाडीतून उतरला आणि ब्रह्माच्या शोधात काशीला गेला. शाळा-कॉलेजाची प्रमाणपत्रे त्याआधीच चुलीत गेली होती. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात महात्मा गांधींची भेट झाली आणि शोध तेथे स्थिरावला. पुढे वाई येथे संस्कृत ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी अध्ययन झाले, पायी प्रवास झाला, गावोगाव गीतेवर प्रवचनेही झाली. बरोबर वर्ष भरले त्या दिवशी हा माणूस आश्रमाच्या दारात हजर! बापूंच्या तर ती तारीख ध्यानातही राहिली नव्हती. ज्याला शब्द दिला तो विसरला तरी देणाऱ्याने विसरू नये, ही विनोबाजींची रीत.

पुढे १९२१ पासून वर्धा, मग पवनार, आणि १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी केलेली निवड, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आईला समजेल अशी मराठी गीता हवी होती. आई १९१८ साली निवर्तली, तरी मुलाने ते ध्यानात ठेवून १९३०-३१ साली गीताई सिद्ध केली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने केली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. तुकोबारायांच्या अभंगांचे त्यांनी विवरण केले, ज्ञानोबारायांच्या वाणीवर आयुष्यभर चिंतन केले. १९५८ साली ते पंढरपुरास आले तेव्हा सर्व धर्मांच्या मंडळींसह त्यांना विठुरायाच्या मंदिरात नेण्यात आले आणि देवापुढे उभे राहताच त्यांचे डोळे वाहू लागले. असा हा आपल्याच घरचा माणूस.

आता मुख्य कथेकडे वळू. १९५१ सालच्या मार्चमध्ये विनोबाजी वर्ध्याकडून पायी निघाले आणि हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनाला गेले. तेलंगणात तेव्हा जमिनीवरून रक्तपात चालला होता. संमेलन संपल्यावर ते त्याच भागात पायी शिरले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावी मुक्काम पडला. तेथील ४० दलित कुटुंबांनी सांगितले की पोट भरायला आम्हांला ८० एकर जमीन हवी. सरकारकडे अर्ज करू, असे प्रथम विनोबाजींच्या मनात आले. मग त्यांनी गावाच्या सभेतच विचारले की यांच्यासाठी इथले कोणी काही करू शकेल काय? तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर जमीन देऊ केली. मागितली ८०, मिळाली १००! विनोबाजींना त्या रात्री झोप आली नाही. हा ईश्वराचाच संकेत मानून ते दुसऱ्या दिवसापासून गावोगाव जमीन मागू लागले. तेलंगणाच्या त्या फेरीत सुमारे १२ हजार एकरांचे दान झाले.

पुढे हा यज्ञ देशभर पसरला. विनोबाजींचा हिशेब साधा होता. देशात लागवडीची जमीन ३० कोटी एकर धरली, तर तिचा सहावा हिस्सा ५ कोटी. घरात पाच मुलगे असतील तर दरिद्रीनारायणाला सहावा मुलगा समजा आणि त्याचा वाटा द्या, असे ते घरोघर सांगत. पहाटे उठून चालायला लागायचे, पुढच्या गावी पोचायचे, संध्याकाळी प्रार्थना आणि सभा. सभेत दानपत्रे भरली जात, सह्या-अंगठे होत, आणि दुसऱ्या पहाटे यात्रा पुढे. अशी ही वारी १९५१ पासून १९६४ पर्यंत, १३ वर्षे चालली. पायांनी चाललेल्या वारीची किंमत वारकऱ्यांना दुसऱ्याने सांगावी लागत नाही.

या वारीने काय साधले ते आधी कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. देशभरात सुमारे ४२ लाख एकर जमिनीची दानपत्रे झाली. कायद्याची जबरदस्ती नाही, शस्त्राचा धाक नाही, केवळ एका फकिराच्या मागण्यावरून! एकट्या बिहारात २० लाख एकरांहून अधिक. ज्यांनी आयुष्यात इंचभर बांध सोडला नव्हता, ते भर सभेत उठून एकर बोलू लागले. एकाने दिले की दुसऱ्याला देण्याचे धैर्य येई. चारचौघांत दिलेल्या शब्दाची ही शक्ती खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. पोचमपल्लीचा तो एक शब्द उठला नसता तर पुढचे काहीच झाले नसते.

पण झालं काय, की शब्द जितक्या वेगाने आले तितक्या वेगाने जमीन आली नाही. बोललेल्या ४२ लाखांपैकी प्रत्यक्ष भूमिहीनांच्या हाती पडली ती सुमारे १३ लाख एकर. म्हणजे तीन वाट्यांतील दोन वाटे कागदावरच राहिले. याची कारणे आम्ही येथे उघडपणे सांगतो, कारण ती आपल्याही घरची आहेत.

पहिले कारण, बोलताना नेमके सांगितले गेले नाही. पुष्कळ दानपत्रांवर एकर लिहिले, पण कोणत्या शेतातले, कोणत्या नंबराचे, चतुःसीमा काय, हे लिहिलेच नाही. मोजणी करायला गेल्यावर जमीन सापडेना. दुसरे, जे आपल्यालाच नको ते बोलले गेले. खडक, नदीचे पात्र, जंगल, कोर्टात वाद चालू असलेले तुकडे दानात आले. कित्येक लाख एकर जमीन लागवडीला नालायक ठरली. तिसरे, घरच्यांना न विचारता शब्द दिला गेला. देणारा गेल्यावर, कधी तो असतानाच, भाऊ-मुलगे आडवे आले. काहींनी दान केलेली जमीन विकूनही टाकली. चौथे कारण मागणाऱ्यांच्या बाजूचे. यात्रा पुढे गेली, पण मागे राहून मोजणी करणारे, वाटप करणारे, घेणाऱ्याला बैल-बियाणे मिळवून देणारे हात फार थोडे होते. त्यातच १९५६ च्या अखेरीस पलनी येथे विनोबाजींच्या विचाराने भूदान समित्या विसर्जित करण्यात आल्या आणि बाहेरच्या निधीचा आधार सोडण्यात आला. हेतू उदात्त होता. काम लोकांनीच उचलावे, संस्थेच्या पगारावर चालू नये, असा. पण ज्यांनी बोललेल्या दानाच्या मागे जायचे ती माणसे त्यामुळे आणखी कमी झाली.

ग्रामदानाचेही असेच. १९५२ साली उत्तर प्रदेशातील मंगरोठ गावाने सगळीच जमीन गावाच्या नावे करण्याचे ठरवले आणि सर्व देशाला नवल वाटले. पुढे अटी सोप्या झाल्या. भूमिहीनांना विसावा हिस्सा, मालकी ग्रामसभेची, कसणे मात्र ज्याचे त्याच्याकडे. १९६५ पासून बिहारात ग्रामदानाचे तुफान उठले आणि १९६९ साली साऱ्या बिहारचे दान झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्याच वर्षी, १९७० साली, जयप्रकाश नारायण मुजफ्फरपूर जिल्ह्यातील मुसहरी भागात जाऊन राहिले. भूदानासाठी १९५४ मध्ये आपले जीवनच दान देणारे हे पुरुष. त्यांनी घरोघर फिरून पाहिले तो, सह्या होत्या, दान नव्हते. मग ते तेथेच ठाण मांडून बसले आणि एकेका गावाची पुष्टी करण्याच्या कष्टाच्या कामाला लागले. मोठ्या मनाचे हे लक्षण! आपल्याच चळवळीचे शब्द पोकळ निघाले, हे न लपवता ते भरून काढायला बसणे सोपे नसते.

मग विनोबाजी चुकले काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. १३ लाख एकर म्हणजे काही थोडे नव्हे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचे ढेकूळ नव्हते तिथे हक्काचे शेत आले. पण खरं सांगायचं तर, सांगणाऱ्याने फक्त ४२ लाखांचा आकडा सांगावा आणि १३ लाखांचा सांगू नये, हे संतांच्या मार्गाला धरून नाही. आणि सर्वांत मोठा दोष आम्हांला दिसतो तो असा की, त्या भूमिहीनांना सभेत जमीन मिळाल्याचे ऐकू आले होते. न मिळालेल्यापेक्षा, मिळाली म्हणून सांगून न आलेल्याचे दुःख अधिक. पंगतीत बसवून उठवलेल्या माणसाला विचारा!

शब्दाचा हा धोका विनोबाजींना दिसत नव्हता असे नाही. त्यांनीच काढलेले दुसरे दोन मार्ग पाहिले म्हणजे हे कळते. १९५२ साली बिहारातच त्यांनी संपत्तिदान सुरू केले. त्यात रोकड ते घेतच नसत. माणसाने आपल्या मिळकतीचा ठराविक हिस्सा, शक्य तर सहावा, दरसाल बाजूला काढायचा, तो स्वतःपाशीच ठेवायचा, सांगितल्याप्रमाणे गरिबांसाठी स्वतःच्या हाताने खर्च करायचा, आणि वर्षाचा हिशेब कळवायचा. खजिना नाही, खजिनदार नाही. साक्षी फक्त हृदयातला नारायण. हा संकल्प एका दिवसाचा नव्हता, जन्मभराचा होता. म्हणूनच तो भर सभेतल्या उमाळ्यावर तरणारा नव्हता.

तिसरा मार्ग सर्वोदय-पात्राचा. घरात एक लहान भांडे ठेवायचे आणि रोज एक मूठ धान्य त्यात टाकायचे. मूठही मोठ्याची नव्हे, घरातल्या लहान मुलाची. एवढीशी मूठ! पण ती आजची आज पडते. तिला दानपत्र नको, मोजणी नको, वारसांची संमती नको, कारण सगळे घर रोज ती पाहत असते. त्या मुलाला न कळत शिक्षण मिळते की आपल्या ताटाआधी दुसऱ्याचे. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, हा आईच्या तांदळाच्या दाण्यांचा आणि फणसाच्या गऱ्यांचाच संस्कार होता. सगळा देश हिंडून, लाखो एकरांचे आकडे ऐकून, तो महापुरुष पुन्हा आईच्या मुठीपाशीच आला होता.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, अन्न-औषध सोडून पवनारच्या आश्रमात धाम नदीच्या काठी विनोबाजींनी देह ठेवला. पुढच्या वर्षी भारतरत्न हा किताब त्यांना मरणोत्तर देण्यात आला. पण शब्दाचे बीज कधी कधी उशिरा उगवते. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या गोंड आदिवासींच्या गावाने २०१३ साली, विनोबाजींच्या मागे ३१ वर्षांनी, १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपल्या जमिनी ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला. या गावाची रीत अशी की, सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलत राहायचे, घाईने हात वर करायचे नाहीत. बोलायला वेळ लागला तरी चालेल, पण बोललेले घराघराला ठाऊक हवे, ही ती रीत.

आता आपल्या वहीकडे परत येऊ. वहीत नाव घालू नका असे आम्ही म्हणत नाही. शब्दाशिवाय हात उघडत नाही, हे पोचमपल्लीने दाखवले. पण बोलल्याबरोबर गजर होतो आणि मनाला दान केल्याचे समाधान तिथल्या तिथे मिळून जाते, तिथेच घात आहे. समाधान मिळाले की पाय जड होतात. म्हणून बोलायच्या आधी घरात विचारावे. बोलताना नेमके बोलावे. किती, कोणत्या मुक्कामाला, कोणत्या तारखेला, कोणाच्या हस्ते, हे सगळे सांगावे. पोते बोललात तर त्याच दिवशी त्यातली पायली तरी आणून ठेवावी. झेपेल त्याहून थोडे कमीच बोलावे आणि बोलल्याहून थोडे अधिक द्यावे, रेड्डींनी ८० च्या जागी १०० दिले तसे. अडचण आली तर आधी कळवावे. कळवलेल्या नकाराने कोणी उपाशी राहत नाही, न कळवलेल्या होकाराने राहतो.

आणि वही ज्यांच्या हाती आहे त्यांनाही आमची विनंती आहे. नाव लिहिले म्हणजे काम झाले असे समजू नये. प्रस्थानाआधी एकदा प्रत्येकाच्या घरी जावे, संकोच न धरता आठवण द्यावी. आठवण देणे म्हणजे तगादा नव्हे. तो त्या माणसाच्या पुण्याला दिलेला हात आहे. मुसहरीला जयप्रकाशांनी तेच केले. आणि एक करता आले तर पाहावे. दिंडीच्या प्रत्येक घरी वर्षभर एक लहान भांडे ठेवावे. रोज हरिपाठ झाला की घरातल्या धाकट्याच्या हाताने एक मूठ त्यात पडावी. आषाढीला ती भांडी एकत्र आणली म्हणजे कोणाच्या शब्दाची वाट न पाहता पहिल्या मुक्कामाची चूल पेटेल.

वारी हाच मुळी एक संकल्प आहे. आपण माळ घालतो तेव्हा पंढरीरायाला शब्दच देतो, आणि तो शब्द आपण एकेका पावलाने फेडतो, कोणी आपल्यासाठी गाडीने पोचवून देत नाही. दानाचा शब्दही तसाच मुठी-मुठीने, पावला-पावलाने फेडावा, इतकेच या थोर चरित्रातून आम्हांस कळले. ते वाचकांच्या चरणी ठेवतो.

रामकृष्ण हरि.